न बनलेल्या यंत्राची पूर्ण किंमत : मायनिंग यंत्रांच्या आगाऊ नोंदणीचे परीक्षण

इचलकरंजीत यंत्रमागांचा छोटा कारखाना चालवणाऱ्या माझ्या एका जुन्या वर्गमित्राने मागच्या महिन्यात मला एका विक्रेत्याचे पत्रक पाठवले आणि खाली एकच प्रश्न लिहिला, "घेऊ का?" पत्रकावर बिटकॉइन मायनिंगच्या नव्या यंत्राचे चित्र होते, हॅशरेटचे (यंत्र सेकंदाला किती हॅश, म्हणजे किती गणिती प्रयत्न, करते त्या वेगाचे) आणि विजेच्या वापराचे आकडे होते, माल पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीत मिळेल असे आश्वासन होते आणि पूर्ण रक्कम मात्र आजच, तीही क्रिप्टो चलनात भरायची होती. त्या कंपनीने यापूर्वी एकही यंत्र विकलेले नव्हते. चित्र मोठे करून पाहिल्यावर ते छायाचित्र नसून संगणकावर रेखाटलेली प्रतिमा असल्याचे दिसले, कारण पंख्यांच्या जाळीला कुठेही स्क्रू नव्हते आणि वीज आत नेणारी एकही वायर नव्हती.

मी गेली वीस वर्षे पुण्यात पॉवर सप्लायच्या डिझाइनचे काम करतो, त्यामुळे वायर नसलेले यंत्र मला लगेच खटकले. मित्राला दोन शब्दांत 'घेऊ नकोस' असे कळवता आले असते. पण त्याच्यासारखे विचारणारे अनेक आहेत आणि बिटकॉइनचा भाव चढला की अशी पत्रके पुन्हा पुन्हा येतात. शिवाय या व्यवहाराचा एक मोठा आणि उघड इतिहास आहे, जो मराठीत कोणी सविस्तर मांडलेला मला आढळला नाही. म्हणून मी येथे एका यंत्राचे परीक्षण करण्याऐवजी आगाऊ नोंदणीच्या या संपूर्ण व्यवहाराचे परीक्षण करत आहे.

आधी या यंत्राची कमाई कशी होते ते पाहू. बिटकॉइनच्या जाळ्यात सरासरी दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक संच, तयार होतो आणि तो तयार करणाऱ्याला ठरलेले बक्षीस मिळते. त्यासाठी जगभरची यंत्रे सतत एक गणित सोडवत असतात, यालाच मायनिंग म्हणतात. हे बक्षीस सुरुवातीला ५० बिटकॉइन होते, २८ नोव्हेंबर २०१२ रोजी ते २५ झाले आणि त्यानंतर जवळपास दर चार वर्षांनी निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले. जगात यंत्रे कितीही वाढली तरी दहा मिनिटांचा हा वेग राखला जावा म्हणून दर २०१६ ब्लॉकांनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, 'डिफिकल्टी', म्हणजे हे गणित किती अवघड ठेवायचे, हा आकडा नव्याने ठरतो. इतरांनी यंत्रे वाढवली की तुमच्या यंत्राचा वाटा आपोआप घटतो, मग तुमचे यंत्र कितीही नवे आणि धडधाकट असो. मायनिंगचे यंत्र दुसरे कोणतेही काम करू शकत नाही, कारण त्यातील चिप केवळ एकाच गणितासाठी कोरलेली असते. साहजिकच ते नाशवंत माल ठरते. पेरणीची वेळ निघून गेल्यावर घरी आलेले उत्तम बियाणे जसे त्या हंगामापुरते निरुपयोगी ठरते, तसेच उशिरा आलेल्या यंत्राचे होते. आगाऊ नोंदणी करणारा ग्राहक यंत्र विकत घेतो असे त्याला वाटते, पण त्याने खरे पैसे मोजलेले असतात ते तारखेसाठी.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते २०१२ ते २०१४ या काळात. तोवर लोक संगणकाच्या प्रोसेसरवर, मग ग्राफिक्स कार्डांवर आणि नंतर एफपीजीए (हवे ते काम नेमून देता येते अशी तयार चिप) बोर्डांवर मायनिंग करत असत. जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील बटरफ्लाय लॅब्स या कंपनीने मायनिंगसाठीच बनवलेल्या चिपची, म्हणजे एसिकची, यंत्रे जाहीर केली. किमती १४९ डॉलरपासून २९,८९९ डॉलरपर्यंत होत्या, रक्कम पूर्ण आणि आगाऊ होती, आणि माल ऑक्टोबर २०१२ पासून मिळेल असे सांगितले गेले होते. ही कंपनी अगदीच नवखी होती असे म्हणता येणार नाही, कारण तिने त्याआधी एफपीजीए वापरून बनवलेली यंत्रे विकली होती आणि ती चालतही होती. अनेकांनी तेवढ्या पुराव्यावर विश्वास ठेवला. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. तयार चिप विकत घेऊन बोर्डावर बसवणे हे एक कौशल्य आहे आणि स्वतःची चिप घडवून घेणे हे सर्वस्वी वेगळे. पहिले जमले म्हणून दुसरे जमेल असे गृहीत धरणे म्हणजे उत्तम सुतारकाम पाहून त्याच माणसाकडे पुलाचे कंत्राट सोपवण्यासारखे आहे.

ऑक्टोबर उलटला, वर्ष संपले, आणि पहिली मोजकी यंत्रे एप्रिल २०१३ च्या सुमारास बाहेर पडली. जे आले ते कबूल केल्याप्रमाणे नव्हते. एका गिगाहॅशला, म्हणजे सेकंदाला एक अब्ज हॅशच्या वेगाला, साधारण एक वॅट वीज लागेल असे कबूल केले होते, प्रत्यक्षात ती चार-पाच पट लागत होती. त्यामुळे पेटी, पंखे, पॉवर सप्लाय असे सगळेच नव्याने आखावे लागले आणि मोठ्या यंत्राची ताकद एका पेटीत मावेनाशी झाली. माझ्या व्यवसायातील कोणालाही हे कारण लगेच पटेल. साध्या प्रोसेसरमध्ये एका वेळी चिपचा थोडाच भाग काम करत असतो. मायनिंगच्या चिपमध्ये जवळजवळ प्रत्येक ट्रान्झिस्टर सतत, चोवीस तास, उघडझाप करत असतो, त्यामुळे विजेचा अंदाज कागदावर थोडा जरी चुकला तरी प्रत्यक्षात उष्णतेचा डोंगर उभा राहतो. तर्काच्या दृष्टीने या चिपचे डिझाइन सोपे असते, कारण एकच गणित शेकडो वेळा शेजारी शेजारी मांडायचे असते. अवघड असते ते तिला वीज पुरवणे आणि तिची उष्णता बाहेर काढणे. अशी यंत्रे जाहीर करणे सोपे आणि वेळेवर देणे कठीण का असते, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी यात आहे.

उशिराची किंमत किती, हे आपण स्वतः मोजून पाहू शकतो. बटरफ्लाय लॅब्सचे ६० गिगाहॅशचे 'सिंगल' हे यंत्र १,२९९ डॉलरला होते. जून २०१२ मध्ये एक बिटकॉइन सहा डॉलरच्या आसपास होता, म्हणजे ही किंमत साधारण २०० बिटकॉइन झाली. जानेवारी २०१३ च्या आरंभी डिफिकल्टी सुमारे ३० लाख होती. त्या दिवशी असे यंत्र हातात असते तर त्याने दिवसाला सुमारे दहा बिटकॉइन मिळवले असते. त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस डिफिकल्टी ११८ कोटींवर पोहोचली होती आणि तेच यंत्र, त्याच वेगाने, दिवसाला ०.०२५ बिटकॉइन देत होते. यंत्र तेच, गणित तेच, आणि कमाई जवळपास चारशे पटींनी कमी. ज्याला यंत्र जानेवारीत मिळाले असते त्याचे भांडवल तीन-चार आठवड्यांत सुटले असते आणि ज्याला ते डिसेंबरात मिळाले त्याचे भांडवल कधीच सुटले नाही.

सप्टेंबर २०१३ पर्यंत पैसे भरूनही यंत्र न मिळालेल्या ग्राहकांची संख्या २० हजारांहून अधिक होती, असे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, नंतर न्यायालयात सांगितले. त्याआधीच, ऑगस्ट २०१३ मध्ये, हीच कंपनी 'मोनार्क' या पुढच्या यंत्रासाठी ४,६८० डॉलर आगाऊ घेऊ लागली होती आणि ते वर्षअखेरीस देण्याचे बोलत होती. जुन्या ग्राहकांचे देणे बाकी असताना नव्या मालाची नोंदणी सुरू होणे, ही गोष्ट मी कोणत्याही विक्रेत्याच्या बाबतीत पाहिली तर तेथेच थांबेन. कमिशनने सप्टेंबर २०१४ मध्ये कारवाई केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तडजोड झाली. आदेश ३.८६ कोटी डॉलरचा होता, परंतु भरण्याची ऐपत नसल्याने त्याचा मोठा भाग स्थगित ठेवण्यात आला. त्या तडजोडीतील एक अट मात्र मी प्रत्येक ग्राहकाला पाठ करायला सांगेन : यापुढे त्यांनी मायनिंगच्या यंत्रासाठी आगाऊ पैसे घ्यायचे ते माल तयार असेल आणि तीस दिवसांत पोहोचणार असेल तरच, आणि तो न पोहोचल्यास पैसे परत करायचे. कायद्याच्या अंमलदारांना सर्व तपासानंतर जी मर्यादा वाजवी वाटली, ती ग्राहकाने आधीच स्वतःला घालून घ्यायला काहीच हरकत नाही.

याच काळात आगाऊ नोंदणीतून खरोखर भले झालेले लोकही होते, आणि त्यांचा उल्लेख न करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चीनमधील अव्हलॉनच्या पहिल्या खेपेत ३०० यंत्रे होती, प्रत्येकाची किंमत १,२९९ डॉलर होती, आणि जानेवारी २०१३ च्या अखेरीस पहिले यंत्र ग्राहकाच्या घरी सुरूही झाले. त्या चिपचे तंत्र ११० नॅनोमीटरचे, म्हणजे त्या काळातही जुने, होते (हा आकडा जितका लहान तितके तंत्र नवे). बटरफ्लायने ६५ नॅनोमीटरचे स्वप्न दाखवले होते. जुन्या तंत्राचे मास्क, म्हणजे चिप छापण्याचे साचे, स्वस्त असतात, कारखान्याचा त्यावर हात बसलेला असतो आणि चूक झाली तरी ती परवडते. खेप लहान, आश्वासन मर्यादित आणि तंत्र पारखलेले असल्यामुळेच ते शर्यतीत पहिले आले, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही हे यश पुढच्या खेपांच्या ग्राहकांना मिळाले नाही, कारण त्या उशिरा पोहोचल्या आणि तोवर डिफिकल्टी कितीतरी पुढे गेलेली होती. अव्हलॉनच्या नावाने यंत्रे विकणारी कनान कंपनी नोव्हेंबर २०१९ मध्ये नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात नोंदली गेली, म्हणजे विक्रेता टिकला आणि मोठा झाला. त्याच्या पुढच्या खेपांच्या ग्राहकांना मात्र पहिल्या खेपेइतका लाभ झाला नाही. विक्रेता प्रामाणिक आहे का, एवढ्या एकाच प्रश्नावर निर्णय घेता येत नाही, हे मला यावरून पटले.

कॅलिफोर्नियातील हॅशफास्टचे उदाहरण मी अधिक तपशिलात देतो, कारण करारातील शब्द किती निसरडे असतात ते त्यातून कळते. ऑगस्ट २०१३ मध्ये तिने 'बेबी जेट' हे ४०० गिगाहॅशचे यंत्र ५,६०० डॉलरला विकायला काढले. ही रक्कम त्या वेळच्या भावाने साधारण ५० बिटकॉइन होती. ऑक्टोबरच्या अखेरीस माल मिळेल आणि ३१ डिसेंबरपर्यंत मिळाला नाही तर पैसे परत, असे वचन होते. माल वेळेवर आला नाही. दरम्यान नोव्हेंबरात बिटकॉइन १,१०० डॉलरच्या वर गेला, आणि परतावा मागणाऱ्यांना कंपनीने त्यांचे ५० बिटकॉइन न देता नोंदणीच्या दिवशीच्या डॉलरइतकी रक्कम देऊ केली. दोन्ही बाजू 'पूर्ण परतावा' हेच शब्द वापरत होत्या आणि दोघांच्या अर्थात दहापट अंतर होते. प्रकरणे न्यायालयात गेली आणि मे २०१४ मध्ये कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली.

या यंत्राचे गणित मी पुन्हा मांडून पाहिले. नोंदणीच्या वेळी डिफिकल्टी सुमारे ५ कोटी होती, त्या हिशेबाने यंत्र दिवसाला ४ बिटकॉइन देणार असे दिसत होते आणि ग्राहकाच्या मनात तोच आकडा होता. ऑक्टोबर अखेरीस डिफिकल्टी ३९ कोटी होती, म्हणजे दिवसाला अर्धा बिटकॉइन. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती २१९ कोटी झाली, म्हणजे ०.०९. आता असे समजा की हॅशफास्टने आपला शब्द पाळला असता आणि यंत्र ऑक्टोबरच्या अखेरीस दारात आले असते. त्या दिवसापासून डिफिकल्टीचे प्रत्यक्ष आकडे घेऊन मी बेरीज केली, तर यंत्राची संपूर्ण आयुष्यातील कमाई तिशीच्या आसपास थांबते. विजेचा खर्च यात धरलेला नाही. ग्राहकाने दिले होते ५०. डॉलरमध्ये पाहिले तर भाववाढीमुळे हा व्यवहार फायद्याचा दिसला असता, परंतु ते ५० बिटकॉइन नुसते जपून ठेवणाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक लाभ झाला असता. विक्रेत्याने वेळ पाळूनही तोटा होतो अशी ही स्थिती आहे, आणि विक्रीपत्रकावरील कमाईच्या तक्त्यात ती कधीही दिसत नाही, कारण तो तक्ता आजची डिफिकल्टी माल येईपर्यंत तशीच राहील असे धरून केलेला असतो.

टेक्सासच्या ऑस्टिनमधील कॉइनटेराची कथा थोडी वेगळी आहे. तेथे अनुभवी चिप अभियंते होते, यंत्रे खरोखर बनली आणि ग्राहकांपर्यंत पोहोचलीही. परंतु २ टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे हजार गिगाहॅश) कबूल केलेले यंत्र साधारण १.६ टेराहॅशच देत होते, वीज जास्त खात होते आणि उशिरा आले होते. जानेवारी २०१५ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. स्वीडनच्या केएनसीमायनरने २०१३ च्या ऑक्टोबरात 'ज्युपिटर' यंत्रे वेळेत आणि कबूल केल्यापेक्षा अधिक वेगाची दिली, म्हणून तिचे नाव झाले आणि त्या नावावर पुढच्या 'नेपच्यून' यंत्रांची नोंदणी झाली. ती यंत्रे येईपर्यंत २०१४ चे निम्मे वर्ष सरले होते. याच कंपनीने उत्तर स्वीडनमधील बोडेन येथे स्वतःचे मायनिंग केंद्र उभारले आणि मे २०१६ मध्ये, बक्षीस पुन्हा निम्मे होण्याच्या तोंडावर, दिवाळखोरी जाहीर केली.

बोडेनच्या उल्लेखामुळे एक मूलभूत अडचण पुढे येते. ज्या विक्रेत्याकडे चिप तयार आहे त्याच्यापुढे रोज एक प्रश्न उभा असतो, हे यंत्र ग्राहकाला पाठवायचे की स्वतःच चालवायचे? पहिल्या आठवड्यांतील कमाई सर्वांत मोठी असते आणि ग्राहकाचे पैसे तर आधीच हातात असतात. म्हणजे उशीर करण्यात विक्रेत्याचा फायदा आणि ग्राहकाचा तोटा, अशी या व्यवहाराची रचनाच आहे. मी कोणत्याही कंपनीवर आरोप करत नाही, पण जेथे एका पक्षाला शब्द मोडल्याचे बक्षीस मिळते तेथे केवळ त्याच्या शब्दावर पूर्ण रक्कम देणे मला मान्य नाही. आपल्याकडे घर, बैलजोडी किंवा लग्नाचे कार्यालय ठरवताना इसार देतात. इसार छोटा असतो आणि उरलेली मोठी रक्कम वस्तू हाती येईपर्यंत आपल्याकडेच राहते, त्यामुळे दोन्ही बाजूंना व्यवहार पुरा करण्याची ओढ असते. येथे इसाराच्या नावाखाली पूर्ण किंमतच दिली जाते. चिपच्या मास्कचा लाखो डॉलरचा खर्च ग्राहकांच्या पैशातून भागवला जातो, म्हणजे ग्राहक भांडवलदाराची जोखीम उचलतो, आणि कंपनी यशस्वी झाली तर तिच्यात त्याचा एकही समभाग नसतो.

हेतू चांगला असतानाही काय होते, हे २०१७ मध्ये सियाकॉइन या दुसऱ्या एका क्रिप्टो चलनाच्या निमित्ताने दिसले. त्या चलनाच्या निर्मात्यांनीच ऑबेलिस्क नावाची कंपनी काढून २,४९९ डॉलरला यंत्राची नोंदणी घेतली आणि माल वर्षभराने, २०१८ च्या मध्याला, देण्याचे ठरले. त्या यंत्रांची वाट पाहिली जात असतानाच जानेवारी २०१८ मध्ये मायनिंग यंत्रे बनवणाऱ्या बिटमेन या चिनी कंपनीने त्याच चलनासाठी 'अँटमायनर ए३' जाहीर केले, त्याची किंमत २,३७५ डॉलर ठेवली आणि ते काही दिवसांत पाठवायला सुरुवातही केली. ऑबेलिस्कच्या ग्राहकाची वर्षभराची प्रतीक्षा तेथेच व्यर्थ झाली. प्रतिस्पर्धी गुपचूप काम करत असतो आणि माल गोदामात आल्यावरच तोंड उघडतो. आगाऊ नोंदणी घेणारा मात्र वर्षभर आधी आपली सगळी माहिती बाजारात मांडून बसतो. बिटमेनने २०१३ च्या अखेरीस आपले पहिले यंत्र अशाच पद्धतीने, तयार माल दाखवून विकले होते आणि पुढे बाजाराचा मोठा भाग तिच्याकडे गेला, यात मला योगायोग दिसत नाही.

आता माझ्या मित्राच्या पत्रकाकडे येतो. नवख्या विक्रेत्याला तपासायचे असेल तर त्याचे संकेतस्थळ किती सुबक आहे हे पाहण्यात अर्थ नाही. मी विचारेन ते असे की चिपचे टेपआउट झाले आहे का, झाले असल्यास कोणत्या फाउंड्रीत, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यात, आणि कोणत्या तारखेला. टेपआउट म्हणजे चिपचा अंतिम आराखडा कारखान्याकडे सोपवणे. त्यानंतर वेफर, म्हणजे जिच्यावर चिप कोरतात ती सिलिकॉनची चकती, तयार व्हायलाच तीन महिन्यांच्या आसपास लागतात, मग कापणी, पॅकेजिंग, चाचणी, बोर्डांवर जोडणी आणि वाहतूक. चिपमध्ये दोष निघाला तर हे सारे चक्र पुन्हा फिरते. ज्या विक्रेत्याचे टेपआउट झालेले नाही आणि जो सहा महिन्यांत माल देतो म्हणतो, त्याने एकही चूक न होण्याची कल्पना केलेली आहे. चिप हातात असेल तर ती चालताना दाखवणे कठीण नसते. एखाद्या मायनिंग पूलवर, म्हणजे अनेकांची यंत्रे एकत्र जोडणाऱ्या सेवेवर, त्या यंत्राचा हॅशरेट काही दिवस सलग दिसावा, भिंतीपाशी मोजलेली वीज कळावी, आणि हे मोजणारा माणूस विक्रेत्याचा नोकर नसावा. एवढ्या तीन गोष्टी मिळाल्या तर माझे मत पुष्कळ बदलेल.

पैसे कसे भरायचे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. क्रिप्टो चलनातून गेलेली रक्कम कोणतीही बँक परत आणू शकत नाही. कार्डावरून दिलेल्या रकमेबाबत तक्रार करता येते, पण तिलाही मुदत असते, आणि २०१२-१३ मध्ये पेपल या ऑनलाइन पैसे भरण्याच्या सेवेची ही मुदत ४५ दिवसांची होती. चार महिन्यांनी माल देण्याच्या वायद्यावर ४५ दिवसांचे संरक्षण म्हणजे संरक्षण नसल्यातच जमा होते, कारण वायदा मोडल्याचे कळण्याआधीच दार बंद झालेले असे. त्यामुळे मालाची तारीख आणि तक्रारीची मुदत यांची सांगड पैसे भरण्याआधी घालावी, आणि परतावा कोणत्या चलनात, कोणत्या दिवसाच्या भावाने मिळणार हे लेखी घ्यावे.

इचलकरंजीच्या बाबतीत आणखी एक गंभीर गोष्ट होती. मित्राच्या मनात यंत्रमागाच्या जोडणीवर, सवलतीच्या दराने, ही यंत्रे चालवायची होती. ते मी त्याला स्पष्टपणे वर्ज्य सांगितले. ज्या कारणासाठी जोडणी मंजूर आहे त्याहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. सवलत वगळून युनिटचा दर १० रुपये धरला, तर ३,२५० वॅटचे, ११० टेराहॅशचे यंत्र दिवसाला ७८ युनिट, म्हणजे ७८० रुपयांची वीज घेते. मे २०२४ मध्ये डिफिकल्टी ८८ लाख कोटींच्या आसपास असताना त्या यंत्राची दिवसाची कमाई तेव्हाच्या भावाने चारशे ते साडेचारशे रुपये होती. यंत्र फुकट मिळाले असते तरी ते रोज तोटाच देत राहिले असते. शिवाय भारतात २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणावरील उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीवरील खर्च हा संपादनाचा खर्च म्हणून वजा करता येणार नाही असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले आहे. यंत्राची किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क यांपैकी काहीही करातून कमी होत नाही. पत्रकावरील नफ्याच्या तक्त्यात यातील एकही ओळ नव्हती.

पुण्यातील वाचकांना येथे गेनबिटकॉइन प्रकरण आठवेल. त्यात दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष मायनिंगच्या नावाने दाखवले गेले होते आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य सूत्रधाराला अटक केली होती. तो प्रकार उघड फसवणुकीच्या जातीचा होता आणि मी येथे ज्या कंपन्यांबद्दल लिहिले त्यांतील अनेकांनी यंत्रे बनवलीही, म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही. पण दोन्हीकडे ग्राहकाला दाखवलेला आकडा एकाच प्रकारचा होता : न पाहिलेल्या यंत्राची, न आलेल्या दिवसाची कमाई.

तेव्हा माझा निर्णय असा आहे. ज्याने स्वतःची चिप पूर्वी वेळेवर देऊन दाखवलेली नाही अशा विक्रेत्याकडे मायनिंग यंत्राची पूर्ण रकमेची आगाऊ नोंदणी करू नये, मग किंमत कितीही आकर्षक असो. घ्यायचेच असेल तर गोदामात तयार असलेले, दुसऱ्या कोणी मोजलेले आणि महिन्याभरात हाती येणारे यंत्र घ्यावे, आणि ते घेण्याआधी तेवढ्याच पैशांचे चलन सरळ विकत घेतल्यास काय होईल याचा हिशेब शेजारी मांडून पाहावा. केवळ शिकण्याची आणि प्रयोगाची हौस असेल, तर आजकाल उघड आराखड्यांवर बनवलेली, मोबाइलच्या चार्जरइतकी वीज घेणारी छोटी यंत्रे मिळतात. त्यांतून कमाई होत नाही, पण चिप, उष्णता आणि डिफिकल्टी हे तिन्ही विषय हाताने समजतात.

मित्राने माझ्या सांगण्यावरून विक्रेत्याला टेपआउटची तारीख, फाउंड्रीचे नाव आणि मोजणीचा अहवाल मागितला. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात या तिन्ही गोष्टींविषयी काही नव्हते, महिनाअखेरपर्यंत नोंदणी केल्यास १५ टक्के सूट मिळेल एवढेच होते. त्याने नोंदणी केली नाही आणि ते पैसे मागांच्या दुरुस्तीला लावले.